वैशाखात भुलाबाई येत नाही

बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे, ज्यांना धरायचा नाही त्यांनी नका धरू. मी मात्र दर कोजागिरीला, रेडिओ लावायची वेळ आली की मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते. आणि भांडताना माझी भाषाही त्यांच्यासारखी होऊन जाते. काहून ऐकलं नाही वं बाई माझं? असं काय मोठं मागितलं होतं मी?

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ. सासरे रेल्वेत होते. बदली होऊन रायपूरला आले आणि मग इथलेच झाले. शंकर नगरच्या घरात खाली बाई आणि भासरे, म्हणजे त्यांचे मिस्टर, आणि वर आम्ही. बाईंचं माहेर वर्ध्याकडच्या एका खेड्यातलं, माझं गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतलं. त्यांना मूलबाळ झालं नाही. माझी पोरगी माझ्याजवळ कमी आणि त्यांच्या मांडीवर जास्त वाढली. ती त्यांना 'बड़ी मम्मी' म्हणायची. बाई तिच्याशी मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई, आणि दोघींचं त्यावाचून कधी काही अडलं नाही.

बाईंचा वर्षातला मोठा सण दिवाळी नव्हता. भुलाबाई होता. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरपणाला येते आणि कोजागिरीला परत जाते. तेवढा महिना बाई वेगळ्याच बाई असायच्या. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी तिचा नवरा भुलोजी, वर मांडव. मांडवाला ज्वारीचे धांडे लागतात. रायपूर पडला धानाचा मुलूख, इथं ज्वारी कुठली? मग बाई उसाचे दांडे बांधायच्या आणि भुलाबाईला सांगायच्या, "चालवून घे माय, परदेश हाय हा." छत्तीसगडमध्ये त्यांचा सगळा जन्म गेला, तरी भुलाबाईपुढे तो परदेशच राहिला.

संध्याकाळी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरी जमायच्या. मराठी घरातल्या होत्याच, शिवाय साहूंच्या, वर्मांच्या पोरीही खाऊच्या लालचीनं येऊन बसायच्या. बाईंच्या गावची रीत अशी की गाणं एकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. बाई ओळ सांगत, पोरी मागून धरत, टिपऱ्या वाजत. सासूची गाऱ्हाणी, नणंदेचे नखरे, माहेराहून न आलेला भाऊ, एकामागून एक. किती गाणी होती ते बाईंनाही सांगता आलं नसतं. मीही त्या रिंगणातच शिकले. आमच्या रेल्वे कॉलनीत भुलाबाई नव्हती, मी लग्नानंतर झेलू लागले.

गाणी झाली की खिरापत. खिरापत डब्यात झाकून ठेवायची, डबा कानाशी धरून वाजवायचा, आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखता नाही आलं तर "हारलो" म्हणायचं. मगच घरची बाई पदार्थाचं नाव सांगते आणि झाकण उघडते. नाव सांगितल्याशिवाय झाकण उघडत नाहीत. या बाबतीत आमच्या बाई महा खट होत्या. खुळखुळ वाजणारं काही करतच नसत.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि बघता बघता गावाचा नूरच पालटला. तेलीबांध्याच्या बाजूला नव्या इमारती, नवी ऑफिसं, पुण्या-मुंबईहून आलेले मराठी साहेब. त्याच काळात आमच्या घराजवळच्या एका संस्थेनं वरच्या मजल्यावर छोटं रेडिओ केंद्र सुरू केलं. आवाज तेलीबांध्याच्या तलावापर्यंत नीट जाई, पंडरीत खरखर, त्यापुढे रामराम. पण आपल्या लोकांचा आवाज आपल्या लोकांना ऐकवायचा, हे मला आवडलं. पोरगी शाळेत जाऊ लागली होती. मी जाऊन म्हटलं, मला बोलता येतं. केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, वह तो दिख रहा है.

बाकी सगळं हिंदी आणि छत्तीसगढीत. रविवारी सकाळी अर्धा तास मराठी, तो माझा. शिवाय आजूबाजूच्या गावांत रेकॉर्डर घेऊन जायचं, गाणाऱ्या बायाबापड्यांना हुडकायचं, हेही काम माझ्याकडे आलं. ददरिया म्हणणारे म्हातारे, पंडवानीवाले, सुवा गाणाऱ्या बाया. कुठं कुठं फिरले, विचारू नका. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी घालून राहिले होते. कारण बाईंचं मी काहीच जपून ठेवत नव्हते. भुलाबाईच्या महिन्यात त्या पोरींना घेऊन केंद्रात यायच्या, कार्यक्रम थेट जायचा, आणि झाला की झाला. कॉम्प्युटरवर जागा नसायची, मराठी अर्धा तास सगळ्यात आधी पुसला जायचा. त्यात कुणाला वाईटही वाटलं नाही. बाई घरातच तर होत्या. घरातल्या माणसाचं कोण रेकॉर्डिंग करतं?

पहिल्याच वर्षी बाईंनी रेडिओवर डबा आणला. "आता वाजवतो बरं, कान देऊन आयका," म्हणून त्यांनी माईकसमोर डबा हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. काही नाही. मॅडम काचेपलीकडून धावत आल्या, त्यांना वाटलं माईक गेला. फोन सुरू झाले. "आंटी, आवाज़ नहीं आ रही!" बाई गालात हसून म्हणाल्या, "येतच नाही तर कुठून येईन? ओळखा." कुणालाच ओळखता आलं नाही. सगळे हारलो म्हणाले, तेव्हा बाईंनी थाटात सांगितलं, "शिरा!" त्या दिवसानंतर आमचा अर्धा तास लोकांना माहीत झाला. एका साहेबांनी फोन करून सुचवलंही, की रेडिओवर 'मले', 'तुले' बरं दिसत नाही, जरा शुद्ध बोलावं. बाई म्हणाल्या, "त्याईले सांग, शिरा शुद्ध तुपाचा होता."

असे दिवस होते. मग एका होळीच्या सुमाराला बाईंचा आवाज बसला.

थंड पाणी प्यालो असन, म्हणाल्या. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. आवाज बसला तो उठेचना. भासऱ्यांनी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, मीही बरोबर गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर चांगला माणूस होता, खुर्ची जवळ ओढून बोलला. घशात गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. भासऱ्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मतलब?" डॉक्टर म्हणाला, "जान बच जाएगी. आवाज़ नहीं बचेगी."

बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं. कोजागिरीनंतर केलं तर नाही चालणार का? डॉक्टरनं मान हलवली. उशीर करण्यासारखं नाही, याच महिन्यात. बाहेर आल्यावर भासरे रिक्षात रडले. बाई नाही रडल्या. म्हणाल्या, "घरी कणीक भिजवून ठेवली हाय, चला लवकर."

आवाज बसलेला होता, तरी होता. घोगरा, फाटका, पण ओळ लागत होती. मी घरी येऊन हिशेब केला, अजून दिवस आहेत. केंद्रातून रेकॉर्डर आणला. दुपारी बाईंच्या खोलीत सतरंजी टाकली. मे महिना, रायपूरचं ऊन, आणि आवाजात घरघर नको म्हणून मी कूलर बंद केला. दोघी घामानं निथळत बसलो. मी म्हटलं, "बाई, येतात तेवढी सगळी म्हणा. हळू म्हणा, थांबत थांबत म्हणा. आज नाही झालं तर उद्या बसू."

बाईंनी रेकॉर्डरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भुलाबाईची?"

"मग कुणाची?"

"आता? वैशाखात?"

मला वाटलं मस्करी करतात. पण नाही. बाई खरंच म्हणणार नव्हत्या. भुलाबाईची गाणी भुलाबाईच्या महिन्यात. म्हटली की ती येते. आणि अवेळी लेकीला माहेरी बोलवायचं नसतं.

मी समजावलं. रागावले. हात जोडले. म्हटलं, ती तेलीबांध्याची भाजीवाली दीदी नाही का, सुवा म्हणते ती? सुवा दिवाळीचा, पण तिनं चैतात येऊन म्हटला ना केंद्रात? अवेळी म्हणशील का विचारलं तेव्हा ती हसून "हव" म्हणाली, आणि बसली की नाही गायला? बाई म्हणाल्या, "तिच्या देवाले चालत असन. आमची माहेरवाशीण हाय."

"अवो, देवी आहे ती! तिला काय वैशाख नि काय आश्विन!"

तेव्हा बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. जावा-जावा म्हणून आम्ही एका घरात इतकी वर्षं राहिलो, पण ही मला ठाऊक नव्हती. लग्नानंतर काही वर्षांनी, मूल होत नाही म्हणून सासूबाई रोज टोचून बोलायच्या त्या काळात, बाई एकदा वैशाखात एकट्याच माहेरी गेल्या होत्या. न बोलावता. सण नाही, लग्नकार्य नाही. दारात भावजय उभी होती. तिनं आत ये म्हटलं नाही. म्हणाली, "काय झालं? काहून आल्या?" बाई म्हणाल्या, "पाणी प्यालो अन् त्याच मोटरीनं परत आलो. अवेळी आलेल्या लेकीले काहून आली इचारतात वं. मी तिले कसा बोलावू? आली अन् तिनंच इचारलं, काहून बोलावलं, तर काय सांगू? माहा गळा कापून राहिले म्हणून?"

तरी मी थांबले नाही. मी म्हटलं, "मग गाणी गेली समजा. तुमच्याबरोबर गेली." मला तेव्हा फार राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी आलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

बाई मात्र हसल्या. "जातात कायले? पोट्ट्याईले येते ना सारं. इतक्या वर्षांपासून म्हणून राहिल्या. त्या म्हणतील, मी आयकीन. उठ, कूलर लाव, उकडून मरतो आपण."

मी कूलर लावला.

आणि इथंच बाई चुकल्या. इतक्या खट, इतक्या हुशार बाई, दर वर्षी रिंगणाच्या मधे बसून पोरींचा आवाज ऐकणाऱ्या, त्यांना ठामपणे वाटत होतं की पोरींना सगळं येतं. मलाही तसंच वाटत होतं की! पोरी किती मोठ्यानं म्हणायच्या.

ऑपरेशन झालं. बाई वाचल्या. गळ्याला भोक, त्यावर मऊ सुती फडकं, आणि श्वासाचा तेवढा फसफस आवाज. पहिले काही दिवस त्या बोलायला तोंड उघडत, आणि आपणच दचकत. मग उघडेनाशा झाल्या. पावसाळ्यात मी एक युक्ती केली. पाटी-पेन्सिल दिली, म्हटलं गाणी लिहा, लिहायला तर कुणाची मनाई नाही? बाईंनी पेन्सिल धरली, बराच वेळ धरली, एक ओळ लिहिली, खोडली. गाणं त्यांच्या तोंडात होतं, हातात नव्हतं. एक ओळ मोठ्यानं म्हटली की दुसरी तिच्यामागून यायची. म्हणताच येत नाही तर दुसरी ओळ येणार कुठून? पाटी माझ्याकडे सरकवली आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

भादव्यात भुलाबाई आली. मांडव झाला, उसाचे दांडे लागले. पहिल्या दिवशी पोरी जमल्या, रिंगण झालं, टिपऱ्या वर झाल्या. आणि सगळ्या गप्प. सगळ्या बाईंच्या तोंडाकडे पाहत. कुणीतरी ओळ सांगेल म्हणून प्रत्येकीनं वाट पाहिली. मी माझ्या पोरीला कोपरानं ढोसलं, "म्हण ना!" ती म्हणाली, "क्या? पहले वाला तो बड़ी मम्मी बोलती है ना." मी मोठ्या पोरींना विचारलं. एकीला पहिल्या गाण्याची सुरुवात येत होती, पुढे नाही. दुसरीनं दोन गाणी एकात घातली. झेलायचं सगळ्यांना सगळं येत होतं, सांगायचं कुणालाच नाही. आडात नव्हतंच, पोहऱ्यात कुठून येणार? आणि पोरींना काय म्हणू, मी तरी कुठं वेगळी होते?

बाईंचा चेहरा मी पाहिला. तो मी इथं लिहिणार नाही.

महिनाभर आम्ही धडपडलो. बाई ओठ हलवत, आम्ही ओठ वाचायचा प्रयत्न करत असू. कधी एखादा शब्द लागे, बाकी ओळ निसटे. वर्ध्याला फोन केला. भाऊ गेलेला, भावजय म्हणाली आता गावात कुणी म्हणत नाही. मॅडमना मी सांगितलं की यंदा कोजागिरीचा कार्यक्रम नको. पण बाईंनी ऐकलं आणि टिपरी जमिनीवर आपटली. जायचं म्हणजे जायचं.

कोजागिरीच्या संध्याकाळी आम्ही केंद्रात गेलो. या वेळी मात्र मी कॉम्प्युटरवाल्याला बजावून सांगितलं होतं, हे ठेवायचं, पुसायचं नाही. बाई माईकसमोर बसल्या, पोरी मागे. आणि बाईंनी सुरुवात केली. ओठ हलवत त्यांनी पहिली ओळ टिपरीवर वाजवली. टक टक टक, टक टक. पोरींना ताल कळला, हे कुठलं गाणं ते कळलं, आणि त्यांनी झेललं. मग पुन्हा नुसती टिपरी. मग पुन्हा पोरी. गाण्यामागून गाणं असंच गेलं. बाईंच्या जागी टिपरी, पोरींच्या जागी पोरी. काचेपलीकडे मॅडम डोळे पुसत होत्या, आणि मला वाटलं, रडता काय मॅडम, माझ्यावर तर अजून बोलायची पाळी यायची आहे.

शेवटी डबा. बाईंनी हलवला. काही वाजलं नाही. पोरींनी खूप नावं घेतली, मुद्दामच चुकीची, कारण डबा न वाजणं म्हणजे काय ते आता सगळ्या रायपूरला ठाऊक होतं. चकली, शेव, चिवडा, करंजी. बाई मान हलवत राहिल्या. शेवटी पोरी ओरडल्या, "हारलो!"

आणि बाईंनी नाव सांगायला तोंड उघडलं. इतक्या महिन्यांत बोलायला उघडलं नव्हतं ते सवयीनं उघडलं. तसंच राहिलं थोडा वेळ. झाकण काढायचं नव्हतं, नाव सांगितल्याशिवाय काढत नाहीत. मग त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी माईकजवळ गेले आणि म्हटलं, "शिरा." माझा आवाज इतका बारीक निघाला की तेवढा शब्द रेकॉर्डिंगमध्ये नीट लागतही नाही.

बाहेर फोन वाजत होते. लोक तक्रार करत होते, गाण्यात मधे मधे आवाज कट होऊन राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. महिना वैशाखच होता. आली असेल का कुणी दारात, आणि म्हणाली असेल का आत ये, कोण जाणे.

मॅडम बदलल्या, केंद्र मोठं झालं, मी आता तिथं नसते. पण दर कोजागिरीला ते रेकॉर्डिंग लावतात. मधे एक नवीन साउंडवाला आला होता, शिकलेला, गोड बोलणारा. त्यानं फोन केला, "दीदी, बीच बीच में बहुत खाली जगह है, एडिट कर दूँ? आधा घंटा का बारह मिनट में हो जाएगा." मी त्याला म्हटलं, हात लावून तर पाह्य बाबू. बिचारा घाबरला. त्याची काय चूक.

परवा कोजागिरीला आम्ही दोघीच घरी होतो. पोरगी आता नोकरी करते, नव्या रायपूरला ऑफिस आहे, सुट्टी घेऊन थांबली होती. रेडिओ लावला. टिपरी वाजली, मग लहानपणीचा तिचाच आवाज इतर पोरींत मिसळून आला. पुन्हा टिपरी. ती ओठ हलवत होती, काहीतरी आठवत होती. मग रेडिओचा आवाज कमी करून तिनं मला विचारलं, "मम्मी, इथं बड़ी मम्मी काय म्हणायची?"

मराठीत विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला असं अख्खं मराठीत काही विचारलं.

मी म्हटलं, "मले नाही माहीत वं."